चित्रातलं घर आणि अंगणात आखलेलं घर

 

आज मी तुमच्याशी माझ्या कामाबद्दल बोलणार आहे. जी इमारत अजून बांधलेलीच नाही, तिचं चित्र मी काढते. जालन्याहून संभाजीनगरला जाताना रस्त्याच्या कडेला नव्या वसाहतींचे मोठे फलक तुम्ही पाहिले असतील. निळं आभाळ, हिरवळ, चकचकीत घरं आणि हसणारं कुटुंब. जागा बघायला जावं तर तिथे बाभळी आणि दगड. ते फलकावरचं चित्र कोणीतरी संगणकावर बसून केलेलं असतं. आमच्या धंद्यात त्याला ‘थ्रीडी’ म्हणतात, कोणी ‘व्ह्यू’ म्हणतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय त्याचं? पण आता अशी चित्रं गावातही येऊ लागली आहेत. अंगणवाडीची नवी खोली, ग्रामसंघाचं सभागृह, घरकुल, शाळेचं स्वच्छतागृह. बैठकीत मोबाइलवर चित्र फिरवतात, “छान आहे ना?” असं विचारतात. आपण मान हलवतो. खाली सही होते. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या भिंतींच्या आत आपण राहायचं असतं. म्हणून हे चित्र कसं तयार होतं आणि ते कसं वाचायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

ही चित्रं सगळ्यात जास्त मेहनतीनं कुठे काढतात? तर स्पर्धेसाठी. संग्रहालय, स्मारक, नाट्यगृह अशी मोठी इमारत बांधायची असली की कधी कधी खुली स्पर्धा ठेवतात. बांधून घेणारी संस्था सांगते : जागा एवढी, पैसा एवढा, आत अमुक अमुक पाहिजे. मग ठिकठिकाणचे आर्किटेक्ट आपापले आराखडे पाठवतात. पुष्कळदा कागदावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. परीक्षकांसमोर ढीगभर आराखडे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ. अशा वेळी रेघांचा नकाशा मागे राहतो आणि चित्र पुढे होतं. बघणाऱ्याची नजर खिळली, तर आराखडा पुढच्या फेरीत जातो.

ही रीत आजची नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुनं व्हीटी स्टेशन, तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिलं असेल. त्याचे आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला १० वर्षं लागली. पण घुमट वर चढायच्या कितीतरी आधी त्या स्टेशनचं रंगीत चित्र तयार होतं. ते काढलं ॲक्सल हेग नावाच्या, मूळच्या स्वीडनच्या चित्रकारानं. कागद, ब्रश आणि पाण्याचे रंग, एवढंच सामान. त्या चित्रात सगळं स्टेशन घुमटासकट उभं होतं. ती स्पर्धा नव्हती, पण चित्राचं काम तेच होतं. जे अजून नाही ते डोळ्यांपुढे उभं करून माणसाला पटवायचं.

त्याच मुंबईत पुढे संग्रहालय बांधायचं ठरलं. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्यासाठी १९०९ मध्ये खुली स्पर्धा झाली आणि जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला. हेच विटेट पुढे गेटवे ऑफ इंडियाचेही आर्किटेक्ट झाले. संग्रहालयाची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. पण पहिलं महायुद्ध आलं, तेव्हा तिथे लष्करी दवाखाना भरला. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १९२२ मध्ये. म्हणजे बघा, कागदावर एक असतं आणि प्रत्यक्ष वापर वेगळाच होतो.

आणखी एक गोष्ट दूरची, ऑस्ट्रेलियातली. सिडनी शहरात समुद्राकाठी एक मोठं नाट्यगृह आहे, पांढऱ्या शिडांसारख्या छपरांचं. त्याची स्पर्धा १९५७ मध्ये डेन्मार्कचे यॉर्न उत्झन यांनी जिंकली. दोनशेहून जास्त आराखडे आले होते. त्यांच्या रेखाटनातली ती छपरं परीक्षकांच्या मनात भरली. पण ती उभी कशी करायची, ह्याचं गणित तेव्हा कोणाकडेच नव्हतं. ते सुटायला काही वर्षं गेली. सुरुवातीला खर्च धरला होता ७० लाख डॉलर, शेवटी झाला १० कोटी २० लाख डॉलर. मधेच भांडणं होऊन उत्झन १९६६ मध्ये काम सोडून गेले. नाट्यगृह उघडलं १९७३ मध्ये. आज ते जगात नावाजलेलं आहे, हे खरंच. पण सरकारची तिजोरी मागे असेल तर चौदापट खर्च सोसतो. आपल्या घरकुलाचा खर्च दीडपट झाला तरी मंगळसूत्र गहाण पडतं.

आता हे चित्र आम्ही करतो कसं ते सांगते. आधी आर्किटेक्टचा प्लॅन येतो. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं घर, नुसत्या रेघा. त्या रेघा संगणकात मापानं काढायच्या आणि त्यांना उंची द्यायची, की भिंती उभ्या राहतात. दारं-खिडक्यांची भोकं पाडायची. मग भिंतींना रंग, फरशी, विटा, लाकूड चढवायचं. उशीला खोळ घालतो ना, तसंच. पुढे सूर्य लावायचा. गाव कोणतं, महिना कोणता, वेळ किती, हे संगणकाला सांगितलं की तो ऊन आणि सावली दोन्ही बरोबर पाडतो. मग कॅमेरा ठेवायचा, म्हणजे कुठे उभं राहून बघतोय ते ठरवायचं. शेवटी झाडं, माणसं, आभाळ घालायचं. एवढं झालं की संगणक एकेका उजेडाच्या किरणाचा हिशेब करत बसतो. पूर्वी एका चित्राला रात्रभर लागायची. आता यंत्रं जलद झाली आहेत, तरी स्पर्धेच्या आदल्या रात्री कोणी झोपत नाही.

ह्यात खोटं काही नसतं. भिंत मापाचीच असते. पण पोरगी दाखवताना आपण घर कसं आवरतो? पसारा खोलीत ढकलतो, नवी चादर अंथरतो. चित्राचंही तसंच. म्हणून चित्र समोर आलं की पाच गोष्टी बघा.

पहिली, खोली किती मोठी दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ०.५ असं बटण असतं. ते दाबून आपल्याच स्वयंपाकघराचा फोटो काढा, वाड्याएवढं दिसेल. आम्हीही चित्रात तसाच कॅमेरा लावतो. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, लांबी-रुंदी किती फूट ते विचारा.

दुसरी, सावली कुठे पडलीय. आपल्या जालन्यात वर्षातले साधारण दोन महिने, मेचा शेवट ते जुलै, एवढे सोडले तर भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. चित्रात उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यातलं दुपारचं ऊन लखलखत असेल, तर सूर्य आपल्या मर्जीनं फिरवलेला आहे. आणि मावळतीकडे मोठी काच दाखवली असेल, तर मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेल्यावर संध्याकाळी त्या खोलीत कोण बसणार, हे विचाराच.

तिसरी, झाडं. चित्रातलं झाड वीस वर्षांचं असतं. आपण लावू ते गुडघ्याएवढं रोप, त्याला पाणी कोण घालणार? झाडावर बोट ठेवून बघा. उरलेलं अंगण उघडंबोडकं आहे का?

चौथी, माणसं काय करतायत. चित्रातली माणसं नुसती चालतात, नाहीतर चहा पितात. धुणं धुताना, दळण निवडताना, शेळी बांधताना कोणी दिसत नाही. पाण्याची टाकी नाही, गॅसचा सिलिंडर नाही, वाळवणाची दोरी नाही. जे चित्रात नाही त्याची जागा प्लॅनमध्ये आहे का ते बघा.

पाचवी, चित्र कुठून काढलंय. नेहमी घराची चांगली बाजू असते. मागची बाजू दाखवा म्हणा. न्हाणीचं पाणी कुठे जातं, शौचालयाचं दार कुठे उघडतं, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का, हे सगळं मागच्या बाजूला असतं.

मागे एका गावात मी लहानशा घराचं असंच चित्र बायांना दाखवत होते. सगळ्यांना आवडलं. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, “पोरी, समदं बेस हाय. पर कापूस कुठं ठिवायचा?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. एक खोली छतापर्यंत भरते, माणसं पडवीत झोपतात. सोयाबीनची पोती, जनावरांची पेंड, ज्वारीची कणगी, सगळं त्याच घरात. आर्किटेक्टच्या यादीत ‘हॉल, किचन, बेडरूम’ होतं. कापूस कुणी सांगितलाच नव्हता, कारण बायांना विचारलंच नव्हतं.

बायांना विचारलं तर काय होतं, ह्याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या बांधून राहणाऱ्या बाया. कधीही पालिकेची गाडी यायची, झोपडी तोडायची. त्यांच्याबरोबर १९८४ मध्ये सुरू झालेली स्पार्क ही संस्था काम करू लागली. १९८५ मध्ये फुटपाथवरच्या लोकांची गणती झाली. पुढे ह्याच बायांनी बचतीतून ‘महिला मिलन’ उभं केलं. जोकिन अर्पुथम यांचा झोपडीवासीयांचा महासंघही बरोबर होता. घरासाठी पैसे साठवायला लागल्यावर प्रश्न आला, घर कसं पाहिजे?

लिहितावाचता न येणाऱ्या बायांपुढे नकाशा ठेवून काय उपयोग? म्हणून त्यांनी खरं घर असेल तेवढ्याच आकाराचं नमुना घर उभं केलं. लाकडाची चौकट आणि भिंतींच्या जागी कापड. बाया त्यात शिरायच्या, बसून बघायच्या, आडवं होऊन बघायच्या. इथे चूल, इथे पाणी, इथे पोरं झोपतील. जमिनीवर जागा थोडी, तर उंचीतून जागा काढू, हे त्यातूनच पक्कं झालं. चौदा फूट उंचीची खोली आणि आत पोटमाळा, असा त्यांचा नमुना होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अशा नमुन्यांचं प्रदर्शन भरवलं. अधिकारीही बघायला आले. फुटपाथवरची बाई अधिकाऱ्याला घर दाखवतेय आणि ते असंच का, हे समजावतेय, असं ते चित्र. पुढे मानखुर्दला ‘मिलन नगर’ उभं राहिलं. कापडी घराची ही पद्धत तिथून देशात आणि देशाबाहेरच्या झोपडपट्ट्यांतही गेली.

मैत्रिणींनो, स्पर्धेचं चित्र आणि हे कापडी घर, दोन्हींचं काम एकच. जे अजून नाही ते डोळ्यांपुढे आणायचं. फरक एवढाच, की चित्र लांबून बघायचं असतं आणि कापडी घरात शिरता येतं. चित्राला ‘हो’ नाहीतर ‘नाही’ एवढंच म्हणता येतं. कापडी भिंतीला म्हणता येतं, “अजून दोन फूट सरक.”

आपल्या मराठवाड्यानं तर ह्याची किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली. घरं तीन मापांची होती : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणतं, ते जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला सगळ्यात लहान. आराखडे शहरातल्या वसाहतीसारखे होते, सरळ रस्ते, ओळीत घरं. कागदावर नीटनेटकं दिसत होतं. पण जुन्या गावाची गल्ली, वाड्याचं दार, आतलं अंगण, शेजारणीशी बोलायचा ओटा, गोठा, हे त्या रेघांत बसत नव्हतं. घरं भूकंपाला टिकतील अशी होती, तो हेतू मोठाच होता. तरी माणसांनी पुढे स्वतःच्या हातानं पत्रे लावले, पडव्या काढल्या, गोठे बांधले. जे आराखड्यात राहून गेलं, ते नंतर पदरचे पैसे घालून करावं लागलं.

त्याच वेळी जी गावं हलवली नाहीत, तिथे घरांच्या दुरुस्तीचं मोठं काम झालं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या मदतीनं हजाराहून अधिक गावांत बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. महिला मंडळातल्याच बाया. त्या भिंतीचे कोपरे कसे बांधायचे, दगडी भिंतीत आरपार दगड का घालायचा, हे शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. गवंडी चुकला तर त्याला थांबवू लागल्या. घराची गोष्ट बाईला कळत नाही, हे मराठवाड्यात तरी कोणी म्हणू नये.

आता आपण काय करायचं ते सांगते. खर्च फार नाही. चुन्याची फक्की, दोरी, चार-सहा बांबू आणि जुन्या साड्या.

घरकुलाचं उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान माप २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. समजा १५ फूट बाय १८ फूट. मळणीच्या खळ्यावर नाहीतर शाळेच्या मैदानात ते चुन्यानं आखा. कोपरा काटकोनात आला का, हे बघायची गवंड्याची रीत सोपी आहे. कोपऱ्यापासून एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं, की कोपरा गुण्यात आहे.

भिंतीची जाडीही आखा. नऊ इंची भिंत चारी बाजूंनी आत आली की १५ फुटांचे साडेतेराच उरतात. चित्रात हे कधी कळत नाही. मग बांबू रोवा, साड्या बांधा. दार म्हणून तीन फुटांची जागा मोकळी सोडा आणि ते आत उघडणार की बाहेर, ते ठरवा. खिडकीच्या उंचीवर दोरी ताणा.

आता घर वापरून बघा. खरोखरची बाज आणून टाका, ती सहा फूट बाय तीन फूट जागा खाते. परात घेऊन भाकरी थापायला बसा, मागून कोणी जाऊ शकतं का? काठी टेकत चालणाऱ्या सासूबाईंना न्हाणीपर्यंत चालवून बघा. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन दारातून या. पाच पोती रचा. मुलगी अभ्यासाला बसणार कुठे, तिच्या पुस्तकावर उजेड कुठून येणार? दुपारी तीन वाजता पुन्हा जा आणि ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघा. हे सगळं करायला एक दिवस लागतो. भिंत पाडून परत बांधायला काय लागतं, ते तुम्हाला माहीत आहे.

काही पंचायत समित्यांच्या आवारात घरकुलाचं डेमो हाऊस बांधलेलं असतं. तालुक्याला गेलात तर आत जाऊन या, सोबत टेप न्या.

ग्रामसंघाचं सभागृह असेल तर ही रीत अजून कामाची. साठ बाया मांडी घालून बसल्या तर रेघेच्या आत मावतात का? लहान मुलांना कुठे झोपवणार? नकाशावर ‘प्रमाण १ : १००’ लिहिलेलं असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. शाळकरी पोरीच्या पट्टीनं मोजता येतं. जे बदल सुचतील ते ठरावात लिहून घ्या, आणि सही त्यानंतर करा. चित्रावर सही करू नका, मापं लिहिलेल्या प्लॅनवर करा.

शेवटी आपल्या पोरींबद्दल. दहावीनंतर आयटीआयला आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यात घराचे नकाशे शिकवतात. पॉलिटेक्निकला स्थापत्यचा डिप्लोमा होतो. चित्रासाठी ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते शिकवणारे व्हिडिओही फुकट आहेत. जिला रांगोळीचे ठिपके जुळवता येतात, तिला मापाची नजर असतेच. आणि जिनं आईला कापसाच्या गंजीशेजारी स्वयंपाक करताना पाहिलंय, ती पोरगी उद्या एखाद्या स्पर्धेसाठी घराचं चित्र काढायला बसली, तर त्यात कापसाला जागा ठेवेल.

ह्या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढंच करा. कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तिचं घर सगळ्यांनी मिळून चुन्यानं आखा. काय निघालं ते आम्हाला कळवा.